आमची वाटचाल : झिंकची पिशवी आणि दोन काचनळ्या

एक मिक्सर, एक वजनकाटा आणि पिशव्या शिवायचं मशीन, एवढ्यावर आम्ही सूक्ष्म अन्नद्रव्यांचा, म्हणजे पिकाला अगदी थोडी लागणारी झिंक, बोरॉनसारखी खतं विकायचा धंदा सुरू केला. पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग बाजारात आमच्यापेक्षा निम्म्या दराचं 'झिंक' आलं. आमच्या झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के झिंक, पण त्यांचाही खडा तसाच पांढरा, हाताला तसाच गार. त्यांचा माल टाकला की आठवड्यात पिकं हिरवीगार! लोक तोंडावर म्हणायचे, तुमच्या झिंकात दम नाही. आमचा माल गुदामात पडून ओल धरून दगड झाला. हातोडीने फोडायचो.

फुलकोबीवाले एक काका मात्र आमच्याकडे येत राहिले, तेही त्या स्वस्त झिंकची पिशवी बगलेत घेऊनच. म्हणाले, "पानं हिरवी झालीत, पण रोपं बुटकीच कशी?" मी दोन काचनळ्या काढल्या. एकीत आमचं, दुसरीत त्या पिशवीतलं झिंक पाण्यात विरघळवलं. दोन्ही द्रावणांत कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले, दोन्हीत पांढरा साका बसला. आणखी कॉस्टिक ओतलं. आमच्या नळीतला साका विरघळून पाणी नितळ झालं. दुसरीतला दह्यासारखा तसाच. झिंकचा साका जादा कॉस्टिकात विरघळतो, मॅग्नेशियमचा नाही. ते मॅग्नेशियम सल्फेट होतं! जमिनीत मॅग्नेशियम कमी, म्हणून पानं हिरवी व्हायची, झिंकची भूक मात्र तशीच राहायची. काका नळी उजेडात धरून बघतच राहिले. "मग दोन हंगाम मी काय टाकत होतो?"

त्या नळ्यांनी आम्हाला वाचवलं. काकांनी आणखी पाच-सहा जण पाठवले.

आता विचारलं नसलं तरी सांगतो. झिंक सल्फेट आणि फॉस्फेट एका टाकीत कालवू नका, साका बसून नोझल तुंबतं. फुलकोबीचा दांडा पोकळ, गड्डा तपकिरी दिसला तर बोरॉन कमी असल्याचा संशय घ्या, पण बोरॅक्स (बोरॉनचं खत) मोजूनच टाका. कमी आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं असतं. जमिनीत झिंक पुरेसं असेल तर फवारून उत्पादन वाढत नाही. पालेभाजीच्या पानात मात्र झिंक वाढतं, आणि खाणाऱ्याला ते मिळतं. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की आमचा खप कमी होतो, तरी सांगतो.

तो स्पर्धक अजून आहे. पिशवीवरचं नाव तेवढं बदललंय.