पाण्याच्या रेल्वेचा उतारा

लातूरच्या ट्यूशन एरियात मी इंग्रजी शिकवते. इथे येणारी बहुतेक मुलं डॉक्टर व्हायला आलेली असतात, त्यामुळे इंग्रजी हा त्यांच्या लेखी पास व्हायचा विषय. बोर्डाची परीक्षा संपली की मात्र माझ्याकडे एक छोटा गट उरतो. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र शिकायला दिल्लीला, बनारसला, हैदराबादला जायचं म्हणणारी ही मुलं सीयूईटी देतात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी ही परीक्षा २०२२ पासून सुरू झाली आणि आमच्यासारख्या गावांतल्या मुलांना एक नवं दार दिसलं. त्याआधी दिल्लीच्या चांगल्या कॉलेजांचे कटऑफ शंभर टक्क्यांच्या आसपास जायचे. आपल्या बोर्डाच्या मुलानं तिकडे बघूच नये, अशी ती रचना होती.

इंग्रजीचा पेपर दिसायला सोपा आहे. २०२५ पासून ५० प्रश्न आणि ६० मिनिटं, सगळे प्रश्न सोडवायचे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. उतारे तीनशे ते साडेतीनशे शब्दांचे. काही माहितीपर, काही कथनाच्या अंगानं जाणारे, काही साहित्यातले. शब्दसंग्रह पाठांतरानं थोडाफार सुधारतो, व्याकरणही. उताऱ्यावरचे प्रश्न मात्र पाठांतराला दाद देत नाहीत, आणि माझी मुलं तिथेच गुण घालवतात.

त्यांचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं, असं सगळे धरून चालतात. पालक तेच म्हणतात, मुलंही तेच म्हणतात. मला ते कधी पूर्ण पटलं नव्हतं, कारण सराव पुस्तकांतल्या पेंग्विनवरच्या उताऱ्यात हीच मुलं चांगले गुण काढायची. पेंग्विनच्या पिलांचं संगोपन, चॉकलेटचा इतिहास, प्रवाळाची बेटं असल्या उताऱ्यांत अवघड शब्द भरपूर असूनही त्यांची उत्तरं बरोबर यायची. घोळ व्हायचा शिक्षण, शेती, मोबाइल, मुलींची लग्नं अशा उताऱ्यांत, म्हणजे जिथे शब्द सोपे होते. हे असं का होतं ते मला बघायचं होतं. म्हणून एप्रिलमध्ये मी मुद्दाम घरचा विषय घेऊन उतारा लिहिला: २०१६ ची पाण्याची रेल्वे.

लातूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सलग काही वर्षं पाऊस कमी पडला आणि शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी भरून पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, सुमारे पाच लाख लिटर. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. प्रत्येकाला घरासमोरची घागरींची रांग आठवते.

उताऱ्यात मी हेच लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट विधान होतं, की टंचाईचं मुख्य कारण लागोपाठचा अपुरा पाऊस. तिसऱ्या परिच्छेदात, टँकर आणि जमावबंदी यांच्या मधोमध, एक वाक्य सहज जाता जाता घातलं होतं: दुष्काळाआधीच्या दहा-पंधरा वर्षांत या भागात उसाखालचं क्षेत्र वाढत गेलं होतं. त्यावर काही भाष्य नव्हतं. पुढचं वाक्य लगेच टँकरवर.

खाली पाच प्रश्न. पहिला अगदी सरळ: उताऱ्यानुसार टंचाईचं मुख्य कारण कोणतं? पर्याय चार. अपुरा पाऊस, उसाची शेती, फुटक्या जलवाहिन्या, वाढलेली लोकसंख्या.

उत्तरपत्रिका गोळा न करता मी हात वर करायला सांगितलं. पावसाला मोजके हात. उसाला निम्म्याहून जास्त. फुटक्या जलवाहिन्यांनाही तीन-चार हात आले, आणि ती सगळी शहरातली मुलं होती.

मी म्हटलं, उत्तर पाऊस आहे. वर्गात कुजबुज सुरू झाली. रेणापूरकडची एक मुलगी उभी राहिली. भूगोलात पदवी करायची म्हणून दिल्लीचा अर्ज भरलेली, वर्गात फारसं न बोलणारी.

"मॅडम, हे उत्तर चूक आहे."

"का गं?"

"पाऊस काय, आमच्याकडं आधीबी कमीच पडायचा. पण प्यायच्या पाण्याची रेल्वे आणायची पाळी कधी आली नव्हती. धरणाचं पाणी उसाला गेलं. जमिनीतलं पाणीबी उसालाच गेलं. आमच्या वडिलांनी त्याच साली सहाशे फूट बोअर घेतलं ऊस वाचवायला. आम्ही घागर घेऊन टँकरच्या मागं, आन् शेतात ठिबक चालू. हे मी डोळ्यानं बघितलंय."

एवढं एका दमात बोलून ती खाली बसली नाही, उभीच राहिली. वर्गातल्या अर्ध्या मुलांची घरं उसावर चालतात. स्वतःच्या वडिलांचं नाव घेऊन असं बोलायला हिंमत लागते. औशाचा एक मुलगा लगेच उसळला, "मग शेतकऱ्यानं काय लावायचं? सोयाबीनला भाव आहे का?" त्यावरून दोन बाकांमध्ये जुंपली. मी पाचेक मिनिटं ते चालू दिलं, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला समोर दिसत होतं. पेंग्विनबद्दल लातुरात कुणाचं काही मत नाही, म्हणून तिथे मुलं निमूटपणे लेखकाचं ऐकतात. उसाबद्दल प्रत्येकाचं मत आहे. ते इतकं पक्कं आहे, की उतारा वाचून होण्याआधीच उत्तर ठरलेलं असतं.

यात आपल्या बोर्डाच्या पेपरचाही हात आहे, आणि हे मी दोष म्हणून सांगत नाही. बारावीच्या कृतिपत्रिकेत प्रत्येक उताऱ्यानंतर एक कृती वैयक्तिक प्रतिसादाची असते: तुमचं मत लिहा, तुमचा अनुभव लिहा. मुलाला त्याच्या आयुष्याबद्दल बोलायला लावणारा तो प्रश्न मला मनापासून आवडतो. पण दोन वर्षं हीच सवय लागलेल्या मुलासमोर सीयूईटीचा संगणकावरचा पेपर येतो, तेव्हा तिथे वैयक्तिक प्रतिसादाला जागाच नसते. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो आपला प्रतिसाद चार पर्यायांत शोधायला लागतो आणि तो तिथे सापडतोही, कारण पेपर काढणारे तसा पर्याय मुद्दाम ठेवतात. जगात खरा असलेला, उताऱ्यात नसलेला. यापेक्षा मोहात पाडणारा पर्याय नसतो.

मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘उतारा म्हणतो’, उजवीकडे ‘आम्हाला माहीत आहे’. मुलांनी वह्यांतही तसंच आखलं. रेणापूरच्या मुलीला पुढे बोलावून म्हटलं, तुला जे जे सांगायचं आहे ते सगळं उजवीकडे लिही, काही सोडू नकोस. तिनं लिहिलं: बोअर, ठिबक, धरणाच्या वरच्या बाजूची शेतं, कारखान्याला लागणारं पाणी. औशाच्या मुलानंही उजवीकडेच लिहिलं: सोयाबीनचा भाव, आणि उसाला हमखास मिळणारं गिऱ्हाईक. शहरातल्या मुलांनी गळक्या पाइपलाइन. उजवी बाजू खच्चून भरली. मग डावीकडे यायचं, तेही एका अटीवर. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे उताऱ्यातल्या वाक्याचा क्रमांक लिहायचा. क्रमांक नसेल तर ती ओळ उजवीकडे जाणार.

आता वर्ग शांत झाला. उतारा आधीच वाचून झालेली मुलं तो पुन्हा, बोट ठेवून वाचायला लागली. पाऊस, वाक्य पाच. धरण, वाक्य चार. जमावबंदी, वाक्य अकरा. ऊस कुणालाच सापडेना. दोन-तीन जणांनी तर सांगून टाकलं की उताऱ्यात उसाचा उल्लेखच नाही.

"आहे," ती म्हणाली. "वाक्य नऊ. क्षेत्र वाढलं एवढंच म्हणलंय. पाणी त्यानं संपलं असं नाही म्हणलेलं."

एकट्या तिला ते वाक्य आठवत होतं. आणि त्या वाक्यात काय आहे, काय नाही, हेही आता तिला अचूक दिसत होतं. मी काही न बोलता पाचवा प्रश्न पुन्हा सोडवायला सांगितला.

पाचवा प्रश्न अनुमानाचा होता: उताऱ्यावरून काय अनुमान काढता येईल? पर्याय अ, ऊस नसता तर धरण भरलं असतं. ब, पाऊस कमी होण्याआधीपासूनच पाण्याची मागणी वाढत होती. क, रेल्वेमुळे शहराचा पाणीप्रश्न कायमचा सुटला. ड, सरकारनं ऊस लागवडीवर बंदी घातली. पहिल्या फेरीत बहुतेकांनी क निवडला होता, कारण उताऱ्याच्या शेवटी रेल्वे होती आणि शेवटचं वाचलेलं डोक्यात राहतं. तिनं पहिल्या फेरीत अ निवडला होता. आता तिनं तो खोडला आणि ब वर खूण केली.

"अ का नको?" मी विचारलं.

"मला अ खरं वाटतं. पण तेवढं बोलायला नवव्या वाक्यात जोर नाही. ब पुरतं आहे."

शिक्षकाला असं वाक्य वर्गात ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट असते. अनुमानाच्या प्रश्नाचं सगळं मर्म त्यात आहे: उताऱ्याच्या अंगात जेवढा जोर आहे तेवढंच बोलायचं. हे मी कितीही वेळा फळ्यावर लिहिलं असतं, तरी ते असं उतरलं नसतं. आणखी एक गोष्ट मला त्या दुपारी फार महत्त्वाची वाटली, अजूनही वाटते. ज्या अनुभवानं तिचा पहिला प्रश्न चुकवला, त्याच अनुभवानं तिला नववं वाक्य दाखवलं. पावसावर बरोबर खूण करून मोकळ्या झालेल्या मुलांच्या नजरेतून ते वाक्य निसटलं होतं. उसाचं रान ज्यांनी पाहिलं नव्हतं, त्यांना ते एक आकडेवारीचं वाक्य होतं. म्हणून मुलांना ‘स्वतःचं डोकं लावू नका, फक्त उतारा बघा’ असं सांगणाऱ्या क्लासवाल्यांशी माझं जमत नाही. डोकं लावल्याशिवाय उतारा दिसतच नाही. फक्त काय कुठल्या रकान्यात जातं ते ओळखता आलं पाहिजे.

दुसरा एक सल्ला मुलांच्या मनात फार घट्ट बसलेला असतो: आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर शोधा. माहितीपर उताऱ्यात तो कधीकधी चालून जातो. वर्ष, जागा, नाव विचारलं असेल तर सापडतं. पण अनुमान, लेखकाचा सूर, उताऱ्याचा मुख्य विचार विचारला की ही शोधाशोध काही कामाची नाही. त्या दिवशी नववं वाक्य ज्यांच्या हातून सुटलं त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी प्रश्न वाचले होते. त्यांची नजर ‘कारण’ हा शब्द शोधत पानावरून गेली, आणि नवव्या वाक्यात तो शब्द नव्हता.

त्या दिवसापासून चुकलेल्या प्रत्येक पर्यायाचं कारण मुलांकडून लिहून घ्यायला लागले. उताऱ्यात नाही. उताऱ्यापेक्षा जास्त बोलतो. उलटं बोलतो. उताऱ्यात आहे, पण ह्या प्रश्नाचं उत्तर नाही. शेवटचा प्रकार मुलांना सगळ्यात उशिरा कळतो, कारण वाक्य उताऱ्यात जसंच्या तसं सापडतं आणि सापडल्याच्या आनंदात प्रश्न काय होता ते विसरायला होतं. बरोबर पर्याय का बरोबर, हे मी आता फार विचारत नाही. बाकीचे तीन का नाहीत, हे सांगता आलं की बरोबर उत्तर आपोआप हातात येतं.

तासाच्या शेवटी औशाच्या मुलानं विचारलं, "मॅडम, मग उजव्या बाजूचं काय करायचं? पुसून टाकायचं?"

मी पुसू दिलं नाही. परीक्षेत ती बाजू मनात आखायची आणि तिच्याकडे बघून खूण करायची नाही, एवढंच. वर्गात मात्र ती लिहायचीच, आणि खुणा तपासून झाल्यावर शेवटची दहा मिनिटं तिच्यासाठी. लेखकाचं काय चुकलं, काय सांगायचं राहिलं, इंग्रजीतून बोला, अडलं तर मराठीतून. पाण्याच्या रेल्वेवर त्या दिवशी दहा मिनिटं पुरली नाहीत. पुढच्या बॅचची मुलं बाहेर चपला काढून उभी राहिली तेव्हा कुठे आम्ही उठलो.

वेळेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ५० प्रश्नांना ६० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि उतारा वाचायचा वेळ त्यातूनच काढायचा. रेणापूरची मुलगी तेव्हा एका उताऱ्याला पाच मिनिटं घेत होती, कारण प्रत्येक ओळ ती मनात मराठीत करून बघायची. ती सवय मोडायला मी तिला रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख घड्याळ लावून वाचायला दिला. वाचून झाल्यावर वर्तमानपत्र बंद करायचं आणि लेखक काय म्हणाला ते तीन वाक्यांत मला फोनवर सांगायचं. पहिले काही दिवस ती दुसऱ्या वाक्यालाच स्वतःचं मत सुरू करायची. मी फक्त "उजवीकडे" म्हणायचे, की ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून लेखकाचं सांगायला लागायची.