शेजारच्या राऊटरकडे दुर्लक्ष केव्हा करावे

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये आता बहुतेक जुन्या बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या गॅलऱ्या इतक्या समोरासमोर आहेत की पलीकडच्या घरात कोणती मालिका चालू आहे हे इकडे बसून सांगता येते. अशा ठिकाणी मोबाईलवर वाय-फायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका मुलीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात आणि रात्री नऊनंतर त्यांचा आवाज तुटतो. मी नेटवर्क उभारणीच्या कामात असल्यामुळे त्यांनी मलाच धरले. ‘आरं, शंभरचा प्लॅन घेतलाय न्हवं, मग आवाज का तुटतोय?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. वेग मोजून पाहिला तर तो नव्वद मेगाबिटच्या पुढे भरत होता. मात्र राऊटरला पिंग (उत्तर किती वेळात येते ते मोजणारी चाचणी) लावून ठेवल्यावर, बहुतेक उत्तरे दोन-तीन मिलिसेकंदांत येत असताना मध्येच एखादे ऐंशी किंवा शंभर मिलिसेकंदांनी येत होते, आणि कॉल तुटत होता तो त्या अधूनमधून येणाऱ्या उशिरामुळे.

वाय-फायमध्ये प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकते. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर दुसऱ्या वाय-फायच्या संदेशाची सुरुवात उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमकुवत) किंवा त्याहून अधिक ताकदीने ऐकू आली, तर उपकरणाने गप्प राहावे असा नियम आहे. वाय-फायखेरीज इतर कोणत्याही लहरींसाठी हीच मर्यादा उणे ६२ डीबीएम आहे. उणे ८२ ही फार कमकुवत पातळी आहे. दोन भिंती ओलांडून आलेला, ज्याचा आपल्या कामात प्रत्यक्ष अडथळा होईलच असे नाही असा सिग्नलसुद्धा तिच्या वर राहतो. त्यामुळे समोरच्या इमारतीतील राऊटर त्याच्या घरातल्या टीव्हीला चित्रपट पाठवत असेल, तर आमच्या इमारतीतील राऊटर त्याचा चालू संदेश संपेपर्यंत दर वेळी थांबून राहतो.

हे थांबणे किती असू शकते, ते आकड्यांत पाहणे उद्बोधक आहे. साध्या व्हॉइस कॉलमध्ये दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) निघते, आवाजाचा डेटा करणाऱ्या जी.७११ पद्धतीत त्यात १६० बाइट आवाज आणि त्यावर हेडर, म्हणजे पत्ता वगैरे माहिती असते. एवढे पॅकेट हवेत पाठवायला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. याउलट शेजारचा राऊटर अनेक पॅकेटे एकत्र बांधून जो एक लांब संदेश पाठवतो, त्याची कमाल मुदत ५.४८४ मिलिसेकंद आहे. एकाच चॅनेलवर असे चार शेजारी ओळीने पुढे लागले, तर एक दशांश मिलिसेकंदाच्या कामासाठी वीस मिलिसेकंद ताटकळावे लागते, आणि तोवर मागचे पॅकेटही तयार होऊन रांगेत उभे राहिलेले असते.

आवाजाच्या पॅकेटांना वाय-फायमध्ये अग्रक्रम असतो हे खरे आहे. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल मोकळे झाल्यानंतर आवाजाचे पॅकेट ३४ मायक्रोसेकंद थांबते आणि त्यावर शून्य ते तीन स्लॉट (थांबण्याचे ठरीव छोटे टप्पे), म्हणजे जास्तीत जास्त २७ मायक्रोसेकंद, आणखी थांबून निघू शकते. साध्या डेटाला तेथे पंधरा स्लॉटपर्यंत थांबावे लागते. परंतु हा अग्रक्रम चॅनेल मोकळे झाल्यानंतरचा आहे. चालू असलेला संदेश मध्येच तोडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि काकांच्या कॉलचा खोळंबा नेमका त्या चालू संदेशामागे होत होता.

येथे कोल्हापूरच्या बांधकामाविषयी थोडे सांगणे भाग आहे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांमध्ये काम करताना मला उलट अडचण येते: जाड भिंतींमुळे एका खोलीतले वाय-फाय दुसऱ्या खोलीत धड पोहोचत नाही आणि घरमालक वैतागतात. मात्र त्याच भिंती शेजाऱ्याचा सिग्नलही अडवतात, आणि एकच चॅनेल दोन वाड्यांत एकाच वेळी कोणाच्याही नकळत वापरले जाते. राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क येथील फ्लॅटना मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत, त्यामुळे तेथे हा फुकटचा लाभ मिळत नाही. त्यात भर म्हणजे बहुतेक घरगुती राऊटर ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल धरतात आणि रडारला अग्रक्रम असलेले मधले चॅनेल टाळतात. मग ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ असे दोनच गट उरतात, आणि अख्खी गल्ली त्या दोन गटांत कोंबली जाते.

एकाच चॅनेलवर, एकाच वेळी, पण वेगवेगळ्या जागी दोघांनी बोलावे यासाठी वाय-फाय ६ मध्ये, म्हणजे ८०२.११एएक्स या मानकात, स्पेशियल रियूजची सोय केली गेली. तिचा पाया म्हणजे प्रत्येक नेटवर्कला दिलेला एक ‘रंग’, जो प्रत्यक्षात १ ते ६३ यांपैकी एक आकडा असतो. तो संदेशाच्या सुरुवातीलाच लिहिलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याला पहिल्या ३२ मायक्रोसेकंदांत कळते की हे आपल्या घरातले बोलणे आहे की शेजारचे. आपले असेल तर नेहमीप्रमाणे थांबायचे. शेजारचे असेल तर उणे ८२ ऐवजी अधिक वरची, कमाल उणे ६२ पर्यंतची, मर्यादा लावायची, आणि सिग्नल तिच्याखाली असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करून आपले बोलणे सुरू करायचे.

अर्थात ही सवलत फुकट नाही. मर्यादा जितके डेसिबल वर न्यावी, तितके डेसिबल आपली प्रक्षेपणशक्ती कमी ठेवावी लागते. दोन किंवा कमी स्पेशियल स्ट्रीमच्या (एकाच वेळी समांतर जाणाऱ्या डेटाच्या प्रवाहांच्या) राऊटरसाठी हा हिशेब २१ डीबीएमपासून आणि त्याहून मोठ्या राऊटरसाठी २५ डीबीएमपासून सुरू होतो. मर्यादा उणे ७२ वर नेली, म्हणजे दहा डेसिबल वाढवली, तर पहिल्या प्रकारच्या राऊटरने ११ डीबीएमहून मोठ्याने बोलू नये. ज्याच्या बोलण्यावरून आपण बोलणार, त्याच्या ऐकणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून घातलेली ही अट मला न्याय्य वाटते.

आता काकांच्या घरातले उदाहरण घेतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. समोरचा राऊटर काकांच्या राऊटरला उणे ७५ डीबीएमने ऐकू येतो, तर त्यांच्या लॅपटॉपला उणे ७२ ने. लॅपटॉप राऊटरच्याच खोलीत असल्यामुळे २० डीबीएम शक्तीवर त्याला सिग्नल उणे ४५ ने मिळतो. मर्यादा उणे ७२ केली की शक्ती ११ वर येते आणि लॅपटॉपला मिळणारा सिग्नल उणे ५४ होतो. समोरच्याचा त्रास उणे ७२ चा, म्हणजे फरक १८ डेसिबलचा राहिला. इतक्या फरकावर लहरीत एका वेळी जास्त बिट कोंबणारी १०२४-क्वामसारखी दाट पद्धत चालत नाही, तिच्याहून विरळ १६-क्वाम चालते. २० मेगाहर्ट्झवर एका स्ट्रीमचा वेग १४३.४ मेगाबिटवरून ५१.६ मेगाबिटवर येतो.

हा आकडा पाहून कोणीही म्हणेल की यात तोटाच झाला. मोठ्या डाउनलोडसाठी तो झालाच आहे: ५० किलोबाइटचा गठ्ठा पूर्ण वेगाने २.८ मिलिसेकंदांत जातो, तो आता पावणेआठ मिलिसेकंद मागतो, म्हणजे एका संदेशात मावतही नाही. आवाजाच्या पॅकेटचे तसे नाही. त्याचा बराचसा वेळ संदेशाच्या ठरलेल्या प्रस्तावनेत जातो आणि ती कोणत्याही वेगाला तेवढीच लांब असते. त्यामुळे वेग जवळपास एक तृतीयांश झाला तरी पॅकेटला लागणारा वेळ वीस-तीस मायक्रोसेकंदांनीच वाढतो. त्या बदल्यात पाच मिलिसेकंदांचे थांबणे टळते. सौदा इतका एकतर्फी आहे की कमी लेटन्सीच्या, म्हणजे उशीर न चालणाऱ्या, वाहतुकीसाठी स्पेशियल रियूज वापरू नये असे म्हणणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. पण त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. त्यांनी बहुधा मोबाईल स्वयंपाकघरात नेऊन पाहिला असावा.

स्वयंपाकघरात राऊटरचा सिग्नल उणे ६५ ने पोहोचतो आणि खिडकी समोरच्या इमारतीकडे असल्यामुळे त्रास उणे ७० चा आहे. शक्ती नऊ डेसिबलने उतरली की सिग्नल उणे ७४ होतो, म्हणजे आपल्या बोलण्यापेक्षा शेजाऱ्याचे बोलणेच तेथे मोठे. राऊटरला यातले काही कळत नाही, कारण तो स्वतःच्या जागी किती ऐकू येते तेवढेच पाहून बोलायला लागतो. पॅकेट पोहोचत नाही, पोच येत नाही, राऊटर पुन्हा पाठवतो. आवाजाच्या पॅकेटांचे दोन प्रयत्नांतील अंतर मुद्दाम लहान ठेवलेले असल्याने हे सगळे पुनःप्रयत्न भराभर होतात, आणि शेजाऱ्याचा तो पाच मिलिसेकंदांचा संदेश संपायच्या आत सगळे वाया जाऊ शकतात. सातएक प्रयत्नांनंतर राऊटर पॅकेट टाकून देतो. शांतपणे थांबला असता तर ते पॅकेट पाच मिलिसेकंद उशिरा का होईना, पोहोचले असते. एका दिशेच्या उशिराची १५० मिलिसेकंदांपर्यंतची मुभा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत आहे. हरवलेल्या पॅकेटला अशी मुभा कोठून असणार?

यासाठी माझे मत असे झाले आहे की स्पेशियल रियूज हे राऊटरवर एकदा चालू करून सोडून देण्याचे बटण नाही. शेजाऱ्यावरून बोलण्याची संधी मिळाली की त्या क्षणी रांगेतले कोणते पॅकेट काढायचे, हा खरा निर्णय आहे. जवळच्या उपकरणाचे छोटे, घाईचे पॅकेट असेल तर ते पाठवावे. दूरच्या मोबाईलचे असेल तर ते घाईचे असले तरी थांबवावे. मोठा गठ्ठा असेल तर त्यालाही थांबू द्यावे. मानकाने ही निवड ठरवून दिलेली नाही, ती राऊटर बनवणाऱ्याच्या शहाणपणावर सोडलेली आहे. खोक्यावर मात्र एकूण वेगच छापला जातो, त्यामुळे हे शहाणपण कोणी विकत मागत नाही.

ऐकणाऱ्या उपकरणाचीही यात भूमिका आहे, आणि ती सहसा विसरली जाते. शेजाऱ्याचा संदेश आधी सुरू झाला असेल तर लॅपटॉपचे कान त्याच संदेशाकडे लागलेले असतात. रंग पाहून त्याने तो संदेश सोडून दिला, तरच मागाहून येणारे आपले पॅकेट त्याला नीट सापडते. जुन्या उपकरणांना रंग कळत नाही आणि जुन्या राऊटरांच्या संदेशांत तो नसतोच. आमच्या गल्लीत वाय-फाय ४ आणि ५ चे राऊटर अजून भरपूर आहेत.

उलट बाजूने स्वतःचे रक्षण करण्याचीही सोय आहे. संदेशाच्या सुरुवातीला चार बिटांचा एक रकाना असतो. त्यात १५ हा आकडा घातला की ‘माझ्यावरून बोलू नका’ असे सर्वांना कळते. घाईच्या पॅकेटावर तो घालणे योग्यच आहे, पण एखाद्या राऊटरने तो प्रत्येक संदेशावर घालायचे ठरवले तर शेजाऱ्यांसाठी ही सवलत तेथेच संपली.

शिवाजी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत चित्र वेगळे असते. पत्र्याच्या शेडमध्ये लहरी आपटून कोठेही पोहोचतात, पण सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुरवणारी उपकरणे, एकाच मालकाचे असतात. मानकात अशा ओळखीच्या नेटवर्कांचा गट करून त्यांच्यापुरती वेगळी मर्यादा ठेवता येते, आणि मोजमाप करून ती बसवली तर चांगले परिणाम दिसतात. तयार होत असलेले वाय-फाय ८, म्हणजे ८०२.११बीएन, हीच कल्पना पुढे नेते: ज्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चॅनेल मिळाले, तो शेजाऱ्याला बोलण्याची परवानगी देतो आणि किती शक्तीने बोलायचे तेही सांगतो. त्या मानकाच्या उद्दिष्टांत वेगाच्या बरोबरीने वाय-फाय ७ च्या तुलनेत ९५ व्या शतमानाची लेटन्सी (शंभरातली पंच्याण्णव पॅकेटे जेवढ्या उशिराच्या आत पोहोचतात तो आकडा) २५ टक्क्यांनी उतरवणे लिहिलेले आहे. सरासरीऐवजी टोकाकडचा उशीर मोजायला घेतला, याचे मला समाधान वाटते. तरीही जेथे मशीन थांबवण्याचा आदेश जायचा असतो, तेथे मी आजही केबलच टाकतो.

काकांच्या घरी शेवटी जे केले त्यात स्पेशियल रियूजचा वाटा लहानच होता. चॅनेलची रुंदी ८० वरून २० वर आणली. त्यांच्या प्लॅनला ती पुरते, आणि त्यामुळे गर्दीच्या बाहेरचे एक चॅनेल मिळाले. त्यांचा टीव्ही राऊटरला केबलने जोडला. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली चालत असल्यामुळे रंगाचा आकडा आणि मर्यादेतील सूट हाताने घालता आली. ती मी सहा डेसिबलवरच थांबवली, कारण त्यापुढे स्वयंपाकघरातला मोबाईल तुटू लागत होता. समोरच्या इमारतीतील तिघांशी चॅनेल वाटून घेण्याविषयी बोललो. दोघांनी लगेच बदलून घेतले. तिसऱ्यांच्या राऊटरचा पासवर्ड इंटरनेट देणाऱ्याकडेच आहे आणि तो माणूस अजून आलेला नाही.