कानातले बेडूक

दागिन्यांत मोर चालतो, मासा चालतो, कोयरी तर पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. नागसुद्धा दंडावर वेटोळं घालून मानानं बसतो. बेडकानंच कुणाचं काय घोडं मारलंय, कोण जाणे. मला तो लहानपणापासून आवडतो. पडवीतल्या दिव्याखाली किडे टिपायला येऊन बसायचा, तेव्हापासून. आता माझ्याकडे चांदीचा बेडूक आहे लॉकेटात, हिरव्या मिन्याचा अंगठीत आणि एक पितळी, पदराच्या पिनेवर. लग्नात ती पिन दिसली की मावशी हमखास म्हणते, ‘‘अगो, शुभकार्यात हे काय?’’

तिला मी सांगून पाहिलं, की प्राचीन इजिप्तमध्ये बेडकाच्या तोंडाची हेकेट देवी बाळंतिणींची राखण करायची, लोक बेडकाचे ताईत घालायचे. पनामाकडच्या जुन्या कारागिरांनी तर अख्खे सोन्याचे बेडूक ओतले. ‘‘ते त्यांचे देव,’’ म्हणून तिनं विषय मिटवला.

गोव्यात बेडकाची कीर्ती आहे ती ताटातली. पावसाळा सुरू झाला की बॅटऱ्या घेऊन माणसं रात्री शेतात शिरतात आणि ‘जंपिंग चिकन’ घरी येतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ही शिकार गुन्हा आहे, 1987 पासून तंगड्यांची निर्यातही बंद आहे. जिभेला मात्र कायदा वाचता येत नाही.

आणि मारतात ते नेमके त्याच्या नटण्याच्या दिवसांत! हा मोठा बेडूक एरवी मातकट, शेवाळी. पण जोराच्या सरी कोसळून शेतात पाणी साचलं, की नर पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याशी दोन गडद निळ्या पिशव्या फुगवतो. हळद लागलेल्या नवरदेवानं नीलम घालून मिरवावं, तसा. मादी तशीच साधी. हंगाम सरला की सगळा साज उतरतो, लॉकरची भानगड नाही. चोर्ला घाटातल्या मलबारी उडत्या बेडकाचा थाट निराळा: अंग पोपटी, बोटांमधले पडदे लालभडक.

इतकं असताना बाजारात मिळतात ते मुकुट घातलेले, नाहीतर तोंडात नाणं धरलेले तीन पायांचे. मला खरा हवा होता. म्हणून यंदा फोंड्याच्या शेटांकडे फोटो घेऊनच गेले. पाठीवरच्या लांबट घड्या त्यांना पटल्या, बोटंही मोजून घेतली. डोळ्यामागच्या गोल चकतीपाशी मात्र ते अडले.

‘‘बाय, हे कित्याक?’’

‘‘तो त्याचा कान.’’

‘‘म्हणजे कानात घालायच्या बेडकाला परत कान!’’ शेट मनापासून हसले. मग वही ओढून हिशेब मांडला. दोन बेडूक, चार कान. कानांची मजुरी वेगळी.