काटेचेंडू घरच्या बागेत फुलवला, त्याचा माझा अनुभव

पहिल्यांदा बघितल्यापासून घरात फूल यायला मला बरोब्बर दोन वर्षं लागली, तीन वेळा पेरणी करावी लागली, आणि विचारायला कोणी नव्हतं कारण काटेचेंडू, म्हणजे माळावरची काटेरी उटकटारी, बागेत लावणारं मला तरी कोल्हापुरात कोणी भेटलं नाही. म्हणून जे जे झालं ते सगळं लिहितेय, कुणाला लावायचा असेल तर उपयोग होईल.

जानेवारीतली गोष्ट. कुंभोजला पाहुण्यांच्यात वास्तुशांत होती, येताना बाहुबलीच्या डोंगराच्या अलीकडं मुलाला मळमळायला लागलं म्हणून गाडी थांबवली. मुरमाड माळ, गवत सगळं वाळून पिवळं पडलेलं, आणि त्यात गुडघ्याएवढी चार-पाच झाडं उभी, प्रत्येक फांदीच्या टोकाला लिंबाएवढा पांढरट-करडा चेंडू, कंपासनं काढल्यासारखा गोल, सगळीकडनं काटे. उन्हात चांदीसारखा दिसत होता. मी पाच मिनिटं तिथंच उभी. आत्या (सासूबाई) गाडीतनं म्हणाल्या, "अगं उटकटारी हाय ती, काय बघतीस एवढं?" त्यांच्या माहेरी माळावर ही ढीगभर, पण बघायची गोष्ट आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन शोधलं तर ह्याच घराण्यातली झाडं बाहेरच्या देशात मुद्दाम बागेत लावतात. युरोपात दक्षिणेकडं आणि पश्चिम आशियात एकिनॉप्स रिट्रो म्हणून आहे, त्याचे चेंडू गडद निळे, 'वीचेस ब्लू' म्हणून त्याची एक जात प्रसिद्ध आहे. 'टॅप्लो ब्लू' म्हणून आणखी एक निळीच, ती दुसऱ्या जातकुळीची आणि उंच. 'आर्क्टिक ग्लो' पांढरी, दांडे तांबूस. आपली माळावरची ती एकिनॉप्स एकिनॅटस. एकिनॉप्स हे नाव लिनियसनं १७५३ मध्ये पुस्तकात घातलेलं, ग्रीकमधनं आलंय, अर्थ काय तर अंगावर काटे फुलवून गोळा होणाऱ्या हेजहॉगसारखा दिसणारा. बघितलं की पटतंच.

आता तो निळा रंग बघितल्यावर मला तोच पाहिजे होता. ऑनलाइन बी मागवलं, पाकिटावर फोटो एकदम झकास, आणि जूनमध्ये पेरलं कारण आपल्याकडं पेरायचं म्हणजे जूनच असं डोक्यात बसलेलं. कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) ट्रेमध्ये अकरा रोपं उगवली, मी खूश. मग जुलै आला. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहितीच आहे, आठ आठ दिवस ऊन नाही, वाळत घातलेल्या कपड्यांना वास मारतो, तिथं ही रोपं काय टिकणार, बुडातनं काळी पडून एकेक आडवी झाली, पंधरा दिवसात ट्रे रिकामा. कंपनीकडं तक्रार करायचा विचार आलता पण बी उगवलं होतं की, चूक वेळेची आणि ओलीची होती.

उरलेलं बी फ्रिजमध्ये तीन आठवडे ठेवून ऑक्टोबरात परत पेरलं. यावेळी सात आली, त्यातली दोन जगली, छान पसरट पानं धरली, पानाखाली पांढरी लव, पण दांडा काही येईना. या झाडाला मुळात कडक थंडी असलेला प्रदेश मानवतो, आपल्याकडं हिवाळ्यात पारा १४-१५ पर्यंत आला की आपण स्वेटर काढतो आणि त्याला ती थंडी वाटतच नसेल. मे महिना कसाबसा काढला, पुढच्या पावसात दोन्ही कुजली. उपटून बघितलं तर मूळ वरनं घट्ट आणि आतनं चिखल झालेलं. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, आठ-नऊ महिने रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापुढं उभी राहत होते मी.

ती दोन रोपं कुंडीत धडपडत होती तेव्हाच खरं तर शहाणपण सुचलं होतं, की माळावरचाच का लावू नये. आपल्या नर्सरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "वैनी, ह्ये माळावर फुकट मिळतंय की, कुंडीत कोण लावतंय?" त्यालाही दोष देत नाही, गुलाब, जास्वंद, अडेनियम विकत घेणारी माणसं आपण. मग मार्चमध्ये मुद्दाम परत कुंभोजला गेलो. मालकाला विचारून त्याच्या बांधावरची चार वाळकी डोकी घेतली, बाकीची तशीच ठेवली. ह्यांचे बाईकचे चामडी हातमोजे घालून गेले होते आणि ते अगदी गरजेचं, साध्या कापडी हातमोज्यातनं काटा सरळ आत येतोय.

बी काढणं हा एक वेगळाच प्रकार आहे. चेंडू पिकला की हातात धरल्या धरल्या सुटा होतो, आणि मग कळतं की हे एक फूल नव्हतंच. सूर्यफूल, शेवंती ह्यांच्याच कुळातलं झाड आहे हे, पण सूर्यफुलात एका ताटलीत शेकडो बारकी फुलं एकत्र बसलेली असतात आणि सगळ्यांना मिळून बाहेरनं हिरव्या पानांचं एकच कोंदण असतं. इथं प्रत्येक बारक्या फुलाला स्वतःचं वेगळं कोंदण, वेगळे काटे, वेगळी लव. म्हणजे एकेक फूल म्हणजेच एकेक स्वतंत्र डोकं, आणि अशी शेकडो मिळून तो गोल. मला हे कळलं त्या दिवसापासून ते झाड आणखीनच आवडायला लागलं. प्रत्येक सुटा तुकडा दाढीच्या ब्रशसारखा दिसतो, आत केसाळ बी. दोन बोटात दाबून बघायचं, टणक लागलं तर भरलेलं, दबलं तर पोकळ. माझ्याकडं निम्म्याहून जास्त पोकळ निघाली, शेवटी साठ-सत्तर बरी मिळाली, ती कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवली.

जागा ठरवताना घरात वाद झाला. आत्यांचं म्हणणं दारात काटेरी झाड नको, आणि त्या म्हणतात त्यात मुलांच्या पायाचं कारण धरलं तर तथ्य आहेच, म्हणून गेटजवळ न लावता मागं कंपाउंडच्या भिंतीला, जिथं दिवसभर ऊन असतं तिथं लावायचं ठरलं. आमच्या कळंब्याकडं काळी माती, पाऊस पडला की लाडवासारखी चिकटते, पाणी धरून ठेवते. उसाला चांगली, ह्याला विष. दीड फूट खोदून निम्मी माती काढली, त्यात मुरूम, बारीक खडी आणि थोडी वाळू मिसळली, आणि जमिनीपासून वीतभर उंच असा वाफा केला. शेणखत घातलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या मूठभर तरी घाल, पण भुकेल्या मातीतलं झाड आहे हे, खताच्या मातीत नुसतं लांबतं आणि लोळतं असं सगळीकडं वाचलं होतं, आणि माळावर कोण घालतंय खत.

पेरणी गौरी-गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटाला, पावसाचा जोर गेल्यावर. थेट वाफ्यातच, एक-एक इंच खाली, फूटभर अंतर. ट्रेमध्ये का नाही, तर ह्याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि हलवलेलं त्याला चालत नाही. मी तरी एक रोप हौसेनं मोठ्या कुंडीत हलवलं, चार बोटांच्या रोपाला हातभर मूळ निघालं, टोक तुटलं, आठवड्यात गेलं. बाराव्या दिवसापासून उगवायला लागली, एकूण चौदा, त्यातली सहा ठेवली.

मग एकच काम, पाणी न घालणं. हे लिहायला सोपं वाटतं पण रोज पाइप हातात घ्यायची सवय असलेल्या माणसाला अवघड आहे. सुरवातीला तीन-चार दिवसातनं थोडं, नोव्हेंबरपासनं पंधरा दिवसातनं एकदा. आमचे हे मला बरं नव्हतं तेव्हा चार दिवस रोज भरपूर पाणी घालत होते, प्रेमानंच, तर कडेच्या एका रोपाची पानं पिवळी पडली ती पडलीच. पाच राहिली.

डिसेंबरात दांडे वर आले आणि त्यावर पांढरं जाळं दिसायला लागलं. मला वाटलं पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर येतो तसाच दिसत होता, मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं, कडुनिंबाचं तेल फवारलं, परत दोन दिवसांनी तसंच. मग भिंगातनं बघितलं तर किडा एकही नाही, ती झाडाची स्वतःचीच लव, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ऊन परतवायला आणि ओल धरायला ती लागते, पानाच्या खालची पांढरी बाजू पण त्याचसाठी. तर कृपा करून ती पुसू नका. खरा मावा एका दांड्यावर आलता तो पाण्याच्या फवाऱ्यानं गेला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहिला चेंडू फुलला. फुलण्याआधी तो हिरवट-करडा, नुसते काटे, तसाही देखणा. मग वरच्या टोकाला मधोमध पाच-सहा पांढरी फुलं उघडली, पाच पाकळ्या मागं वळलेल्या, मधनं निळसर-करडे पुंकेसर. सूर्यफुलात कडेनं आत उमलत जातं, इथं उलटं, माथ्यावरनं खाली, जणू कुणी टोपी घातली आणि ती रोज थोडी थोडी खाली ओढतंय. तीन-चार दिवस अर्धा चेंडू फुललेला आणि अर्धा काटेरी असा असतो, ते दिवस मला सगळ्यात आवडतात. युरोपातल्या निळ्याचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे, पण सकाळी आठच्या तिरप्या उन्हात हा पांढरा-करडा गोल बघितल्यावर निळा नाही म्हणून काही कमी आहे असं मला वाटत नाही.

आणि मधमाश्या! फुलोरी, सातेरी, बारकी फुलपाखरं, एका चेंडूवर एका वेळी सात मोजल्या मी. जानेवारी-फेब्रुवारीत माळावर दुसरं फारसं काही फुललेलं नसतं, घरात मात्र कुंड्यांतनं एवढी फुलं असून माश्या जमायच्या त्या ह्याच्यावरच. आत्या अजूनही त्याला काटंच म्हणतात, पण दुपारी उन्हाला खुर्ची मागच्या बाजूलाच टाकतात.

वाळवायचं असेल तर एक सांगते, फुलं उघडायच्या आधी, चेंडू पूर्ण भरला की कापायचा, उघडल्यावर कापला तर वाळून तुकडे तुकडे होतात. लांब दांडा ठेवून पाच-सहाची जुडी उलटी टांगली माळ्यावर, अंधारात, पंधरा दिवस. आता सहा-सात महिने झाले, पितळी तांब्यात हॉलमध्ये आहेत, आकार तसूभर बदलला नाही. लहान मुलं असतील तर उंचावर ठेवा.

एक काळजी मात्र घ्यायलाच पाहिजे. बीसाठी दोनच चेंडू ठेवायचे, बाकीचे पिकायच्या आत कापायचे, नाहीतर बी पडून कुठंही उगवतं. ह्या पावसाळ्यात मला भिंतीपलीकडच्या खडीत तीन रोपं सापडली, त्या वाटेनं पोरं खेळायला जातात, लगेच उपटली. आणि बी आणायला पठारांवर जाऊ नका. सह्याद्रीत एकिनॉप्स सह्याद्रिकस म्हणून ह्याच घराण्यातली दुसरी एक जात आहे, ती फक्त पश्चिम घाटात मिळते, तिला हात लावू नये. रस्त्याकडेची, बांधावरची ही साधी उटकटारी भरपूर आहे, मालकाला विचारून दोन डोकी घेतली तरी पुरतं.

पाचातली तीन झाडं एप्रिलमध्ये पूर्ण वाळली. दोन बुडख्यापासनं परत फुटली आणि वाफा उंच असल्यामुळं ह्या जुलैतनं पण वाचली. कपाटात नव्या बीची पुडी आहे, चाळीसेक भरलेले दाणे, गणपती विसर्जन झालं की वाफ्याची उरलेली जागा भरणार. कळंब्याच्या बाजूला कोणाला पाहिजे असेल तर सांगा, दहा-दहा देता येतील, फक्त मुरूम आणि खडीची सोय आधी करून ठेवा.