कोट्यवधी रोंच्या टेबलला प्रायमरी की जोडताना

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टेबल लहान असेल तर प्रायमरी की (प्रत्येक रोची वेगळी ओळख ठरवणारा कॉलम) जोडायला एक कमांड पुरते. कोट्यवधी रो असलेल्या चालू टेबलावर तीच कमांड अ‍ॅप्लिकेशन बंद पाडू शकते. ती अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह, म्हणजे वाचन-लेखन दोन्ही अडवणारा, लॉक घेते आणि युनिक इंडेक्स पूर्ण होईपर्यंत सोडत नाही. तोवर साधं सिलेक्टही अडकतं. आपोआप वाढते आकडे देणारा ‘बिगसीरियल’ कॉलम थेट जोडणं त्याहून वाईट, कारण प्रत्येक रोला वेगळा आकडा द्यायचा म्हणून अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं. आवृत्ती ११ पासून स्थिर डीफॉल्ट झटपट जोडता येतो, पण सीक्वेन्सला (क्रमाने आकडे देणाऱ्या मोजणीला) ती सोय नाही.

म्हणून जड कामं आधी उरकायची आणि हा लॉक शेवटी क्षणभरच घ्यायचा.

आधी डीफॉल्टशिवाय ‘आयडी’ नावाचा ‘बिगइंट’ कॉलम जोडा. साधा ‘इंटिजर’ नकोच, तो २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. मग वेगळ्या कमांडने सीक्वेन्सचा डीफॉल्ट लावा. तो फक्त नव्या रोंना लागतो. ही कामं क्षणाची असली तरी लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची मर्यादा) दोन सेकंद ठेवाच. एखादी लांबलेली क्वेरी पुढे असेल तर तुमची कमांड तिच्यामागे थांबते आणि नंतर आलेल्या सगळ्या क्वेऱ्या तुमच्यामागे. टाइमआउट झाला तर थोड्या वेळाने पुन्हा चालवा.

खरा वेळ जुन्या रो भरण्यात जातो. ‘आयडी नल (रिकामा) असलेल्या दहा हजार रो घ्या’ अशी बॅच सुरुवातीला पळते, पण भरलेला भाग दर वेळी पुन्हा चाळावा लागल्याने रखडत जाते. त्यापेक्षा सीटीआयडीच्या, म्हणजे रो टेबलात प्रत्यक्ष कुठे आहे त्या पत्त्याच्या, पट्ट्याने पुढे सरका. आवृत्ती १४ पासून त्यासाठी टीआयडी रेंज स्कॅन आहे. ८ केबीची ५,००० पानं म्हणजे सुमारे ४० एमबीची बॅच. अट ‘आयडी नल’ हीच ठेवा आणि प्रत्येक बॅच कमिट करा. अपडेट म्हणजे रोची नवी प्रत, त्यामुळे मधूनमधून जुन्या प्रतींची जागा मोकळी करणारा व्हॅक्यूम चालवला नाही तर टेबल जवळपास दुप्पट फुगतं. रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) मागे पडू लागली की थांबा. शेवटी एकही नल उरला नाही ना, हे तपासा.

आता टेबल चालू ठेवूनच इंडेक्स बनवणारी ‘क्रिएट युनिक इंडेक्स कन्करंटली’. ही ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही आणि जुनी ट्रान्झॅक्शन्स संपेपर्यंत थांबते, त्यामुळे कुठेतरी उघडी राहिलेली सेशन्स आधी शोधा. मध्येच फसली तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो. तो क्वेरीला उपयोगी नसतो, तरी प्रत्येक इन्सर्टचा भार वाढवतो. दुसऱ्या स्कॅनमध्ये फसला असेल तर युनिकची अटही लादत राहतो. तो ड्रॉप करूनच पुन्हा सुरुवात करा.

कॉलमला ‘नॉट नल’ लावायचं राहिलं तर प्रायमरी की जोडणारी शेवटची कमांड लॉक धरून टेबल स्कॅन करेल. आधी ‘आयडी इज नॉट नल’ अशी चेक कन्स्ट्रेंट (अट) ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून, म्हणजे जुन्या रो न तपासता, जोडा, मग व्हॅलिडेट करा; त्या काळात वाचन-लेखन चालू राहतं. आवृत्ती १२ पासून त्यानंतरचं ‘सेट नॉट नल’ ही चेक पाहून स्कॅन टाळतं.

मग ‘अ‍ॅड कन्स्ट्रेंट प्रायमरी की युजिंग इंडेक्स’, तेही लॉक टाइमआउटसह. ती झाली की चेक कन्स्ट्रेंट काढा आणि सीक्वेन्सची मालकी त्या कॉलमकडे द्या.