लक्झेंबर्ग बराक-नकाशा: 31 पिनांच्या 29 कशा झाल्या

लक्झेंबर्ग देशातल्या जुन्या-नव्या लष्करी बराकी आणि किल्ले मी एका नकाशावर पिना टोचून नोंदवतो. मागच्या वेळी नकाशावर 31 पिना होत्या, आज 29 आहेत. प्रगती उलटी दिसते खरी, पण त्यात गाढवपणा माझाच. लक्झेंबर्गमध्ये एकाच जागेला फ्रेंच, जर्मन आणि लक्झेंबर्गिश अशी तीन-तीन नावं असतात. मी वेगवेगळ्या नकाशांवरून 'सेंत-एस्प्री', 'हायलिग गाइस्ट' आणि 'हेलेग गेश्त' अशा तीन बराकी टिपून ठेवल्या होत्या. परवा झूम केलं तर तिन्ही पिना एकाच पठारावर एकमेकींना खेटून बसलेल्या! तिन्ही नावांचा अर्थ एकच, 'पवित्र आत्मा'. दोन उडवल्या.

उरलेली एक मात्र संग्रहातली सगळ्यात आवडती. प्रशियाची शिबंदी 1815 ते 1867 राजधानी लक्झेंबर्ग शहरात होती, तिच्या बराकी या पठारावर. पुढे लक्झेंबर्गच्या स्वतःच्या छोट्या स्वयंसेवक दलाचं ठाणं इथंच होतं. 10 मे 1940 ला जर्मन फौजा देशात घुसल्या, तेव्हा हे दल बराकीतच थांबून राहिलं. आता पठारावर न्यायालयांच्या इमारती आहेत, आणि जुन्या प्रशियन बराकीत राष्ट्रीय दप्तरखाना. म्हणजे बराकीचे कागद बघायला बराकीतच जायचं.

रंगांची पद्धत तीच: चालू असेल तर हिरवा, इमारत उभी पण काम बदललेलं असेल तर पिवळा, पाडलेलं असेल तर लाल. राजधानीतल्याच राम पठारावरच्या, फ्रेंच किल्लेबांधणीकार व्होबाँच्या काळातल्या बराकीही पिवळ्या, तिथं पुढे वृद्धाश्रम झाला. हिरवे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. मुख्य म्हणजे डीकिर्ख गावाच्या डोक्यावरची हेरेनबर्ग टेकडी आणि राजधानीजवळच्या जंगलातलं वाल्डहोफचं दारूगोळ्याचं कोठार. सक्तीची लष्करी सेवा 1967 लाच बंद झाली, सैन्य सगळं मिळून हजाराच्या आसपास. बराकी लागणार तरी किती?

लाल पिनांची मात्र रास आहे. 1867 च्या लंडन करारात देश तटस्थ ठरला आणि राजधानीचा किल्ला पाडायची अट पडली. पाडापाडी 1883 पर्यंत चालली. आपल्याकडे 1818 नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून गडांच्या वाटा उडवल्या. इथं मालकानंच आपला किल्ला सोळा वर्षं बसून उतरवला. दगडाखालचे बोगदे पूर्ण काढणं शक्यच नव्हतं. 23 किलोमीटरपैकी 17 आजही आहेत.

या खेपेचा बहुतेक वेळ ट्युंगेन किल्ल्याने खाल्ला. 1732 मध्ये ऑस्ट्रियनांनी बांधलेला, खोल खंदकाचा, आणि शेजारच्या ओबरग्रुनेवाल्ड किल्ल्याकडून आत यायला फक्त 169 मीटरचं भुयार. पाडल्यावर तीन बुरूज तेवढे उरले. त्यांच्या छपरांच्या टोकाला ओकची फळं आहेत, म्हणून लोकांच्या तोंडी 'तीन ओकफळं'. बाकीचं 1990 च्या दशकात नव्यानं बांधून काढलं. मग पीन लाल की पिवळी? अर्धा दिवस घोळ घातला आणि शेवटी पिवळी केली, बाजूला 'पुनर्बांधणी' असा शेरा मारून. पटत नसेल त्यांनी भांडावं.

राजधानीच्या किल्ल्याचा जुना आराखडा आजच्या नकाशावर बसवताना आणखी एक माती खाल्ली. खुणेचे बिंदू म्हणून आल्झेट नदीची वळणं धरली आणि आख्खा आराखडा रबरासारखा ताणला गेला. मग नदी सोडली, बॉक खडकाचं टोक आणि हे तीन बुरूज धरले. आता राम पठाराच्या भिंती बऱ्यापैकी भिंतींवर बसतात.

राहिला विमानांचा प्रश्न. लक्झेंबर्गचं एकुलतं एक ए-400-एम लष्करी मालवाहू विमान बेल्जियममध्ये मेल्सब्रुकला असतं, आणि नाटोची अवाक्स ही टेहळणी विमानं नोंदणीनं लक्झेंबर्गची पण तळ जर्मनीत, गाइलेनकिर्खेनला. सीमेबाहेर पीन टोचायची नाही हा माझाच नियम. सध्या दोन्हींसाठी पोकळ वर्तुळं काढून ठेवलीत, मोजणीत धरलेली नाहीत. पुढच्या खेपेला वाल्डहोफची हद्द आखायची आहे. उपग्रहचित्रात तिथं नुसती झाडी दिसते.