आखाजीच्या दुपारी भिंतीतला पाईप फुटला : माझा अनुभव

मागच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट आहे. ताई पोरांना घेऊन माहेरी आलेली, सकाळी आईने पितरांची घागर भरली, रस-पुरणपोळीची जेवणं झाली आणि सगळे कूलरसमोर आडवे झालेले. अडीचच्या सुमारास बाथरूमकडून आवाज आला, फटाक्यासारखा नाही, भिंतीच्या आतून कोणीतरी बुक्की मारावी तसा एकच दणका आणि मग सुर्रर्र. जाऊन बघतो तर बेसिनशेजारच्या दोन टाइल्सच्या फटीतून पाणी पंख्यासारखं पसरून बाहेर येतंय, हात लावला तर चटकाच बसला. सोलर वॉटर हीटरची गरम लाईन फुटली होती.

मी पहिली दहा मिनिटं वाया घालवली हे आधीच सांगतो. बादली लाव, फडकी आण, फटीवर हात दाब, असंच चाललं होतं. डोक्यात एकच, की जळगावात आमच्या भागात नळ तिसऱ्या दिवशी येतो आणि हजार लिटरची टाकी आजच सकाळी भरलीय, घरात नऊ माणसं, ही टाकी गेली तर परवापर्यंत करायचं काय. तेवढ्यात ताई ओरडली, पाणी पॅसेजमधून हॉलमध्ये शिरलं होतं आणि कूलरचा एक्स्टेन्शन बोर्ड खाली फरशीवरच पडलेला. तिने पोरांना पलंगावर चढवलं आणि मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. ते पहिल्याच मिनिटाला करायला हवं होतं, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मग गच्चीवर पळालो, चप्पल घालायचं भान नाही आणि गच्ची नुसती तव्यासारखी. टाकीखाली दोन वाळ (व्हॉल्व), एक घराच्या थंड लाईनचा आणि एक सोलरकडे जाणारा. सोलरवाला फिरवला तर हलेना, पाण्याचा क्षार बसून पार जाम, घर बांधल्यापासून कोणी त्याला हातच लावला नव्हता. जोर लावला तर चाकी तुटून माझ्या हातात आली. वाळ उघडाच. खाली पाणी चालूच.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आबांनी आवाज दिला, "काय व्हयनं रे भो?" आबांचं अख्खं आयुष्य रावेर-यावलकडे केळीच्या शेतात ठिबकची कामं करण्यात गेलंय, पाईप त्यांना नुसता बघूनच कळतो. सांगितल्यावर ते मधली भिंत ओलांडून आले, म्हणाले घाबरू नको, मी शे ना, खालून एक जुनं धोतर, सुतळी आणि जाळे काढायची काठी आण. धोतराचा फाडलेला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी मुठीएवढा घट्ट बोळा केला, त्याला लांब सुतळी बांधली, टाकीचं झाकण काढलं आणि काठीने बोळा तळाशी नेऊन आउटलेटच्या तोंडावर धरला. पाण्याच्या ओढीने बोळा आपोआप आत खेचला गेला आणि गच्च बसला. सुतळीचं दुसरं टोक झाकणाच्या कडेला बांधून ठेवलं, नंतर ओढून काढायला.

मला वाटलं सोलरच्या टाकीत दोनशे लिटर गरम पाणी आहे ते तर येतच राहणार. पण खाली आलो तर धार मिनिटाभरात बारीक झाली आणि थांबली. आबांनी समजावलं, सोलरच्या टाकीतून गरम पाणी वरच्या अंगाने निघतं, खालून थंड पाणी आत शिरतं तेव्हाच ते वर ढकललं जाऊन नळाला येतं, थंड बंद केलं की गरम आपसूक बंद. इतकी वर्षं सोलर वापरतोय पण हे माहितीच नव्हतं.

आता अडचण अशी की बोळ्याने थंड लाईनसुद्धा बंद, दोन्ही लाईन एकाच आउटलेटवरून निघतात. आणि आखाजीच्या दिवशी प्लंबर मिळतो कुठे, चार जणांना फोन केले, दोघे सासुरवाडीला, एक उचलेना, चौथा म्हणाला परवा येतो. मग आबांनीच सोलरकडे जाणारा पाईप वाळाच्या पुढे हॅक्सॉ ब्लेडने कापला, टोक कोरडं पुसलं, सोल्युशन लावून एंड कॅप बसवली, कॅप त्यांच्या जुन्या पिशवीतच होती. तासभर वाळू दिलं आणि सुतळी ओढून बोळा काढला. थंड पाणी सुरू झालं. टाकीत हातभर पाणी उरलं होतं. सोलरच्या काचेच्या नळ्यांवर गोणपाट टाकून दिलं, कारण पाणी पुढे जायला वाट नाही आणि वर ऊन ४३-४४ चं, आत नुसतं उकळत राहिलं असतं.

दोन दिवस सगळ्यांनी पाणी मापून वापरलं. आईला फार लागलं, म्हणत होती सकाळी पितरांना पाणी दिलं आणि दुपारी एवढं पाणी गटारीत गेलं. तिला काय समजावणार.

तिसऱ्या दिवशी प्लंबर आला. आधी त्याने टाइल्सवर पान्याच्या मुठीने ठोकून बघितलं, जिथे पोकळ आवाज आला तिथे ग्राइंडरने कापून छिन्नी लावली. आतला पाईप बाहेर काढून माझ्या हातात दिला. पांढरा साधा पाईप, एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) जवळ फुगलेला, साप उंदीर गिळून बसतो तसा, आणि फुगवट्यावर बोटभर लांब चीर. मला म्हणाला, भाऊ, हा थंड पाण्याचा पाईप आहे, गरम लाईनला सीपीव्हीसी पाहिजे. सीपीव्हीसी ९३ डिग्रीपर्यंतच्या गरम पाण्यासाठी असतो आणि हा साधा साठच्या पुढे गेला की मऊ पडतो. हिवाळ्यात आपण रोज गरम पाणी काढतो म्हणून निभावलं, उन्हाळ्यात कोणी गरम पाण्याला हात लावत नाही आणि सोलरमधलं पाणी उकळायला येतं. त्या दिवशी सणाची तेलकट भांडी घासायला गरम नळ सोडला होता, ते कढत पाणी लाईनभर आलं आणि पाईपने मान टाकली. बांधताना ठेकेदाराने बाथरूमभर एकच पाईप फिरवला होता, पैसे मात्र दोन्हीचे घेतले, त्या वेळी मी साइटवर उभा असूनही पाईपवरचं छापील वाचलं नाही.

म्हणून या वेळी स्वतः दुकानात गेलो. सीपीव्हीसी फिकट पिवळसर असतो, अंगावर नाव आणि आयएस १५७७८ हा मानक क्रमांक छापलेला असतो, ते वाचून घेतलं. एसडीआर (पाईपचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट) ११ चा घेतला, आकडा कमी म्हणून तो १३.५ पेक्षा जाड असतो. सोल्युशनही सीपीव्हीसीचंच घ्यायचं, साध्या पाईपचं उरलेलं चालवायचं नाही. गच्चीपासून बाथरूमपर्यंत अख्खी गरम लाईन बदलली, नुसता फुटलेला तुकडा बदला असं घरचे म्हणत होते, पण बाकीचा पाईपही तोच होता ना. दोन्ही जुने वाळ काढून बॉल व्हॉल्व टाकले. सोलरला पाणी मुद्दाम संध्याकाळी जोडलं, समजा नळ्या आत रिकाम्या झाल्या असतील तर भर उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी गेलं की ती तडकते.

प्लंबरला लगेच प्लास्टर करून मोकळं व्हायचं होतं, मी करू दिलं नाही. पाणी सोडून चार दिवस भिंत उघडी ठेवली, रोज सकाळी प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू पेपर फिरवायचो. दुसऱ्या दिवशी एका टी-जॉइंटपाशी कागद ओला निघाला, तो जॉइंट कापून परत केला. प्लास्टर झालं असतं तर हे कळायला पावसाळा उजाडला असता. मजुरी, सामान, टाइल्सचं काम सगळं मिळून साडेसात हजार गेले. टाइल्स माळ्यावर सहाच उरल्या होत्या, लागल्या आठ, त्यामुळे बेसिनखाली दोन वेगळ्या रंगाच्या आहेत.

आता दर महिन्याला दोन्ही व्हॉल्व एकदा बंद-चालू करतो, बायकोला आणि आईलाही वर नेऊन दाखवलेत, लाल ऑइलपेंटने "सोलर" आणि "घर" लिहिलंय. भिंत उघडी होती तेव्हा मेजर टेप लावून फोटो काढून ठेवले, फरशीपासून किती इंचावर पाईप, दारापासून किती. त्याची प्रिंट मेन स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलीय, पुढे कोणी खिळा ठोकायला आलं तर आधी तिथे बघेल.